कापूसदुष्काळाचा रस्ता

मँचेस्टरच्या उत्तरेला रॉचडेल नावाचं गाव आहे. ऑनसाइटला आलेल्या देशी मंडळींच्या यादीत हे गाव सहसा नसतं. यादी ठरलेली असते: लंडन, एडिनबरा, लेक डिस्ट्रिक्ट, आणि फुटबॉलचं वेड असेल तर ओल्ड ट्रॅफर्ड. पण या रॉचडेलच्या डोक्यावर जो डोंगर आहे त्यावरून एक जुना रस्ता जातो, आणि त्या रस्त्याचा मुंबईशी, वऱ्हाडाशी आणि आपल्या आजी-आजोबांकडून ऐकलेल्या दुष्काळी कामांशी इतका जवळचा संबंध आहे की या वीकेंडला दुसरं काही लिहवेना. लेख लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

रस्त्याचं नाव रूली मूर रोड. आता 'मूर' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण मराठीत त्याला नेमका शब्द नाही. माळ म्हणावं तर आपला माळ कोरडा. सडा म्हणावं तर कोकणातला सडा कातळाचा. मूर म्हणजे झाडं नसलेलं, वाऱ्यानं झोडपलेलं आणि बाराही महिने ओलं असणारं डोंगरपठार. वर खरखरीत गवत आणि हेदरची झुडपं, खाली पीट, म्हणजे हजारो वर्षं धड न कुजता साठत गेलेल्या शेवाळाचा काळा लगदा. चुकून वाट सोडली की पाय घोट्यापर्यंत आत. ऑगस्टात हेदर फुलतं तेव्हा सगळा डोंगर जांभळा होतो. एरवी रंग एकच, ओल्या गोणपाटाचा.

मी मँचेस्टरला असताना हा रस्ता दोनदा चाललो. एकदा उन्हात आणि एकदा तिथल्या नेहमीच्या हवेत :-). गावाच्या स्पॉटलंड भागातून तो निघतो. आधी साधी घरं, गाड्या, कुत्री फिरवणारी माणसं. कॅटली लेन हेड नावाची छोटी वस्ती मागे पडली की डांबर संपतं आणि दगडी चिरे सुरू होतात. घडीव, ओळीत बसवलेले, दीडशे वर्षांच्या पावसानं आणि चाकांनी गुळगुळीत झालेले. मुंबईच्या फोर्टात डांबर उखडल्यावर खाली जुने चिरे दिसतात ना, तसेच. फरक इतकाच की इथे भोवती शहर नाही, दुकान नाही, काहीच नाही. मोकळ्या डोंगरावर चिऱ्यांचा पट्टा चढत जातो. वाटेत एके काळी मूरकॉक इन नावाचा गुत्ता होता, त्याची आता नुसती जागा उरली आहे. डावीकडे खाली पाण्याचे तलाव, पलीकडच्या अंगाला स्काउट मूरच्या पवनचक्क्या. सगळ्यात उंच जागा 'टॉप ऑफ लीच', ४७४ मीटर. आकडा ऐकून हसू नका. आपला सिंहगड याच्या अडीच पटीहून उंच आहे हे खरं, पण तिथला वारा अंगावर आला की उंचीचा हिशोब कुणी करत नाही. तिथून रस्ता पलीकडे रॉसेनडेलच्या खोऱ्यात उतरतो.

वाट मुळात फार जुनी. डांबर आणि रेल्वे यायच्या आधी लोकर आणि चुना लादलेल्या घोड्यांचे तांडे या डोंगरांवरून जायचे, आपल्याकडे नाणेघाटातून बैलांचे जायचे तसे. नंतर आसपास दगडाच्या खाणी निघाल्या. त्यांच्या गाडीवाटा, रुळांच्या खुणा, टाकाऊ दगडांचे ढीग अजून जागोजाग दिसतात. रॉसेनडेलकडच्या काही खाणींत आता डोंगरी सायकलवाले उड्या मारतात. त्यामुळे तिथे चालताना खाणीकडे जाणारी वाट दिसली तर नवल वाटत नाही. नवल वाटतं ते या चिऱ्यांचं. गावातल्या हमरस्त्याला शोभावं असं काम, आणि ते करून ठेवलंय कुठे, तर जिथे मेंढ्या आणि धुकं याशिवाय कुणी नाही अशा डोंगरावर. कशासाठी?

उत्तर रस्त्याच्या टोपणनावात आहे. तिकडचे लोक त्याला 'कॉटन फॅमिन रोड' म्हणतात. कापूसदुष्काळाचा रस्ता. १८६० च्या दशकात गिरण्या बंद पडून रस्त्यावर आलेल्या कामगारांनी हे चिरे बसवले. रस्त्याची गरज होती म्हणून माणसं लावली असं घडलं नाही. माणसं रिकामी होती, त्यांना नुसतं बसवून पैसे द्यायचे नव्हते, म्हणून काम काढलं.

या कापूसदुष्काळाची गोष्ट अशी. १८६० साली लँकेशायर म्हणजे जगाची कापडगिरणी होती. पण त्या भागात कापसाचं बोंडही पिकत नाही. गिरण्यांना लागणाऱ्या पाच गाठींपैकी साधारण चार अमेरिकेच्या दक्षिणेतून यायच्या, म्हणजे गुलामांनी वेचलेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असंही नाही. दुसरीकडून कापूस मिळवता येईल का हे बघायला मँचेस्टरमध्ये १८५७ सालीच कॉटन सप्लाय असोसिएशन नावाची संस्था निघाली होती. त्याच्याही आधी, १८४८ साली, हिंदुस्थानात कापूस कसा वाढवता येईल याचा तपास करायला ब्रिटिश पार्लमेंटनं समिती नेमली. तिचा अध्यक्ष होता जॉन ब्राइट, आणि हा ब्राइट रॉचडेलचाच, गिरणीवाल्या घरातला. कंपनी सरकार हिंदुस्थानात रस्ते आणि पाटबंधारे बांधत नाही, मग कापूस बंदरापर्यंत येणार कसा, ही त्याची कायमची तक्रार होती. पण अमेरिकन माल स्वस्त होता, वेळेवर येत होता, आणि जोवर सिस्टिम चालू आहे तोवर बॅकअपवर खर्च करायला कुणी तयार होत नाही. हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेनंही सुरुवातीला आपणहून कापूस अडवला, कारण गिरण्या उपाशी राहिल्या की इंग्लंड झक मारत आपल्या बाजूनं येईल असा त्यांचा हिशोब होता. गंमत अशी की पहिले काही महिने गिरणीमालकांना हे पथ्यावरच पडलं. १८५९ आणि १८६० या दोन वर्षांत त्यांनी इतकं कापड काढलं होतं की मुंबई-कलकत्त्याच्या गोदामांत ते विकलं न जाता पडून होतं. काही काळ गिरण्या मंद चालल्या तर त्यांना हव्याच होत्या. पण १८६२ उजाडलं आणि कापूस खरोखरच संपला. लिव्हरपूलच्या बाजारात अमेरिकन कापसाचा भाव १८६० मध्ये पौंडाला सहा-सात पेन्स होता, तो १८६४ च्या उन्हाळ्यात तीसच्या आसपास गेला. डिसेंबर १८६२ मध्ये कापडपट्ट्यातले सुमारे पाच लाख लोक कुठल्या ना कुठल्या मदतीवर जगत होते.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. मदत द्यायची कशी?

इंग्लंडमध्ये १८३४ चा गरिबांचा कायदा होता. त्याच्यामागचा विचार असा की धडधाकट माणसाला फुकट पैसे दिले तर तो आळशी होतो, म्हणून मदतीच्या बदल्यात त्याच्याकडून असं काम घ्यायचं की जे नाइलाज असल्याशिवाय कुणी करणार नाही. याला त्यांनी नाव दिलं 'लेबर टेस्ट'. श्रमाची परीक्षा. म्हणजे खडी फोडायची, किंवा जुने दोर उसवून त्यातले तंतू काढायचे. ते काम कुणाच्या उपयोगाचं आहे का हा प्रश्नच नव्हता. माणूस खरंच उपाशी आहे की सोंग करतोय, हे ते काम ठरवणार.

आता सूत कातणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याची सगळी पुंजी म्हणजे बोटांची नजाकत. तुटलेला धागा चालत्या साच्यावर क्षणात सांधायचा, हे त्याचं कसब. गिरणीच्या उबदार, दमट हवेत आयुष्य काढलेला माणूस. त्याच्या हातात पेनाइनच्या पावसात घण द्यायचा. बोटं फुटली, हात राठ झाले, की उद्या गिरणी सुरू झाल्यावर तो साच्यावर उभा कसा राहणार? मुळात याला आळशी कोण म्हणेल? काल संध्याकाळपर्यंत तो कामावर होता. तो काही चुकला नव्हता, चार हजार मैलांवर लढाई सुरू झाली होती.

रॉचडेलमध्ये जन्मलेला बोलीभाषेतला कवी एडविन वॉ १८६२ साली मँचेस्टरच्या एका वर्तमानपत्रासाठी या गावांमधून हिंडला. त्याच्या वृत्तांतांचं पुढे १८६७ साली पुस्तक निघालं. घरात विकण्यासारखं काही उरलं नाही तरी मदत मागायला जाणं जिवावर येणारी माणसं त्यात पानोपानी भेटतात. या कामगारांची पतही मोठी होती. १८४४ साली अठ्ठावीस जणांनी मिळून टोड लेनमध्ये जे दुकान काढलं आणि ज्याच्या नियमांवर जगभरची सहकारी चळवळ उभी राहिली, ते दुकान रॉचडेलचंच. आपल्याकडचा सहकारी साखर कारखाना असो की हाउसिंग सोसायटीचं भांडण, त्याचं मूळ गोत्र तिथे जातं. असे हिशोब ठेवणारे, वर्गणी भरणारे लोक एका वर्षात 'खडी फोडून दाखवा, मग भाकरी' या रांगेत आले.

मदतीचे प्रकारही बघण्यासारखे आहेत. बायकांसाठी शिवणवर्ग काढले. पुरुषांना शाळेत बसवलं, लिहा-वाचायला शिका आणि मगच पैसे घ्या. (बेंचवर असताना सर्टिफिकेशन करायला लावतात, त्याचे पूर्वज.) उत्तरेच्या बाजूनं असलेल्या अमेरिकन लोकांनी 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' जहाजातून पीठ आणि धान्य पाठवलं. ते फेब्रुवारी १८६३ मध्ये लिव्हरपूलला लागलं. त्यातलं एक रिकामं पिंप रॉचडेलमध्ये अजून जपून ठेवलं आहे.

मार्च १८६३ मध्ये स्टेलीब्रिज या गावात भडका उडाला. तिथल्या मदत समितीनं आधी रक्कम कमी केली, आणि वर रोख पैशाऐवजी दुकानात चालणारी तिकिटं द्यायचं ठरवलं. म्हणजे तुमच्या हातात पैसे दिले तर तुम्ही ते कसे खर्च कराल याचा आम्हाला भरवसा नाही. लोकांनी दुकानं फोडली, घोडदळ बोलवावं लागलं. भूक वर्षभर सोसली होती. भडका उडाला तो तिकिटांवरून, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

त्यानंतर सरकार हललं. १८६३ साली पार्लमेंटनं एक कायदा करून या भागातल्या नगरपालिकांना कर्जासाठी १२ लाख पौंड उपलब्ध केले. गटारं, रस्ते, पाणीपुरवठा, बागा अशी कामं काढा आणि त्यावर बेकार गिरणीकामगार लावा, त्यांना मजुरी द्या. कामांवर देखरेख करायला रॉबर्ट रॉलिन्सन हा आरोग्य-अभियंता पाठवला. क्रायमियाच्या युद्धात सैनिकांच्या छावण्यांची घाण निस्तरायला जी समिती गेली होती, तीत तो होता. एकूण बेकारांच्या मानानं या कामांवर थोडेच लोक लागले, आणि ती सुरूही उशिरा झाली. पण एक मोठा फरक पडला. खडी फोडणं ही परीक्षा होती. गटार खणणं हे काम होतं, आणि त्याची मजुरी ठरलेली होती. ओल्डहॅमचा अलेक्झांड्रा पार्क, प्रेस्टनच्या नदीकाठच्या बागा या त्या काळातल्या बेकार हातांनी केलेल्या. आजही लोक तिथे डबा घेऊन बसतात.

रूली मूरचा रस्ता मला या दोहोंच्या मधला वाटतो. ती खडी नाही, चांगलं टिकाऊ बांधकाम आहे. पण तो ज्या ठिकाणी आहे ते पाहिलं की शंका येते, की हे काम उपयोगासाठी काढलं की माणसं गुंतवण्यासाठी. चिरे काही बोलत नाहीत. मात्र ते बसवताना कुणी चुकारपणा केलेला नाही एवढं दिसतं. दीडशेहून जास्त हिवाळे त्यांनी काढलेत.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. लँकेशायरला कापूस मिळेना म्हटल्यावर भाव चढले, आणि चढलेल्या भावाला माल पुरवणारं सगळ्यात मोठं बंदर होतं मुंबई. गुजरात, खानदेश, धारवाड, वऱ्हाड असा सगळीकडचा कापूस मुंबईहून जायचा, आणि तिकडे त्या सगळ्याला एकच नाव, 'सुरत'. त्यातही व्यापाऱ्यांच्या बोलीत उपनावं होती. 'ऊमरा' म्हणजे उमरावती, आपली अमरावती. 'हिंगणघाट' तर त्याच नावानं ओळखला जायचा आणि त्यातल्या त्यात बरा समजला जायचा.

लँकेशायरच्या कामगाराला मात्र सुरत हा शब्द शिवीसारखा होता. धागा आखूड, सारखा तुटणारा. त्यात सरकीचे तुकडे, पानं, माती. वजन वाढवायला मुद्दाम केलेली भेसळ तर इतकी की १८६३ साली मुंबई सरकारला त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. ज्या गिरण्या या कापसावर चालल्या तिथेही कामगाराचे हाल, कारण पगार कामाच्या मापावर. धागा दहादा तुटला की माप निम्मं आणि पगारही निम्मा. हलक्या, बनावट वस्तूला 'सुरत' म्हणायची पद्धतच तिकडे पडली. देवाकडे कापूस मागताना 'पण सुरतचा नको' अशी पुस्ती लोक जोडायचे, असाही किस्सा सांगतात. वऱ्हाडातल्या कुणब्यानं वेचलेलं बोंड आणि रॉचडेलच्या कातणाऱ्याची बोटं यांची गाठ पडली ती अशी, दोघांच्याही तोट्याची.

नफा झाला तो मधल्या ठिकाणी. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा पाऊस पडला. बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅक बे रेक्लमेशनचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जात होते. प्रेमचंद रायचंद हा या सगळ्याचा बादशहा. गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं किल्ल्याचे तट पाडले आणि आज आपण जिथे हेरिटेज वॉक करतो त्या मुंबईची आखणी सुरू झाली. याच सुमारास, २१ एप्रिल १८६३ ला, बोरघाटाची रेल्वे सुरू झाली. १८६५ साली थळघाटाची. कापूस बंदरापर्यंत आणणं हा या रेल्वेमागचा एक मोठा हेतू होता. पण रूळ नागपूरला पोचले १८६७ मध्ये, तोवर तेजी संपली होती. त्या चार वर्षांत वऱ्हाडातला पुष्कळसा कापूस बैलगाड्यांनीच हलला.

९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला, अमेरिकन कापूस परत येणार हे उघड झालं आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला मुंबईत वायद्यांच्या फेडीचा दिवस होता, त्या दिवशी सगळा पत्त्यांचा बंगला खाली आला. प्रेमचंदचं दिवाळं निघालं, बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली, रेक्लमेशन कंपन्या गुंडाळल्या गेल्या. मागे काय उरलं? प्रेमचंदनं १८६४ मध्ये कबूल केलेल्या देणगीतून त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. आणि बुजवलेल्या समुद्राचा एक पट्टा उरला. त्याच्यावरून पुढे चर्चगेटकडे जाणारी रेल्वे गेली. मरीन लाइन्सला लोकलच्या दारात उभे राहाल तेव्हा खाली बघा. रूली मूरचे चिरे आणि हे रूळ एकाच युद्धाच्या हिशोबातल्या दोन नोंदी आहेत. एक नावे, एक जमा.

पण हिशोब तिथे पुरा होत नाही. तेजीच्या वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली होती, सावकारानं हात सैल सोडला होता. भाव पडले, कर्ज तसंच राहिलं, वर सरकारनं सारावाढ केली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांचे रोखे जाळले. हेच ते दख्खनचे दंगे. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानंही अमेरिकन युद्धाच्या काळातली तेजी आणि नंतरची मंदी कारणांमध्ये धरली आहे.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १८७६ मध्ये, खराखुरा दुष्काळ पडला. मदतीचे नियम तेच. दुष्काळी कामावर या, खडी फोडा, तलाव खणा, मग मजुरी. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यानं ती मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी चक्क संप केला. उपाशी माणसं काम सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली, माहिती गोळा करून सरकारला पाठवली. स्टेलीब्रिजनंतर चौदा वर्षांनी तोच झगडा. मदत किती, याच्या जोडीला प्रश्न असा होता की तुम्ही आम्हाला समजता काय.

यानंतर दुष्काळ संहिता आल्या आणि श्रमाची परीक्षा त्यांत कायम झाली. इथून पुढची गोष्ट आपल्या घरातली आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. नाकातोंडात धूळ जाईतो खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. (जॉर्ज ग्रिसवोल्डमधलं पीठ आठवलं का?) मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १८६२ च्या लँकेशायरच्या दहापट.

पण त्या खडीतून महाराष्ट्रानं एक निराळी गोष्ट काढली. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता, की मागेल त्याला काम द्यायचं. दुष्काळाच्या रेट्यानं ती कल्पना राज्यभर गेली, १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये केंद्र सरकारनं त्याच कल्पनेवर देशभरासाठी कायदा केला. बाहेरून बघितलं तर चित्र तेच, उन्हात फावडं-घमेलं घेतलेली माणसं. पण कायद्याचं वाक्य उलटं झालं होतं. पूर्वी सरकार विचारायचं, तू खरंच गरजू आहेस का, दाखव फोडून. आता माणूस म्हणू शकत होता, मला काम पाहिजे, द्या. अंमलबजावणीच्या नावानं बोटं मोडायला भरपूर जागा आहे. खोटी हजेरीपटं, रखडलेली मजुरी, हे सगळं आहेच. तरीही परीक्षा आणि हक्क यांतलं अंतर तोडायला शंभराहून जास्त वर्षं लागली, हे विसरून चालणार नाही.

यातली शेवटची कडी आपल्या खिशात आहे. तुम्ही महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर पगाराची स्लिप उघडा. वजावटीच्या रकान्यात 'पी.टी.' म्हणून दोनशे रुपये दिसतील, फेब्रुवारीत तीनशे. व्यवसाय कर. इन्कम टॅक्सच्या आकड्यापुढे तो इतका किरकोळ की कुणी ढुंकून बघत नाही. हा कर १९७५ साली लावला गेला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीत थोडा वाटा उचलावा, अशी ती योजना होती.

आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत बरीच माणसं एका ईमेलनं घरी गेली. त्यांतल्या बहुतेकांची काही चूक नव्हती. कुठेतरी लांब व्याजदर बदलला, कुणाचा तरी हिशोब चुकला. तरी अशा मित्राशी बोलताना आपल्या तोंडून पहिला प्रश्न काय येतो? 'मग सध्या काय शिकतोयस?' काही न शिकता तो महिनाभर नुसता बसला तर आपल्यालाच अस्वस्थ वाटतं. खडी फोडून दाखव ही सवय कायद्यातून काढता आली, डोक्यातून काढायला आणखी वेळ लागेल असं दिसतं.